चपलांची नाडी

९ फेब्रुवारी, सोमवार

मेलो असतो आज! सगळेच्या सगळे! आणि कशामुळे, तर माझा सख्खा भाऊ आळशी आहे म्हणून!

दोराने दोन्ही तळव्यांची सालं काढली आहेत. पेन नीट धरता येत नाही, तरी लिहिणार. नाही लिहिलं तर उठून जिन्यापलीकडच्या खोलीत जाईन आणि दादाच्या डोक्यात तवा घालीन.

सकाळची पहिली फेरी. बोट गच्च — कारखान्याच्या पाळीचे लोक, पलीकडच्या दवाखान्यातली नर्स, चार-पाच सायकलवाले. अप्पांनी इंजिन सुरू करून दिलं आणि ते उतरले. बोट चालवणं सोडलं तरी दिवसाचं पहिलं इंजिन त्यांच्याच हातून सुरू व्हायचं, हा आमच्या घरचा कायदा. दुसऱ्या कुणी हात लावला तर ते दिवसभर कुरकुरतं म्हणे! मी सुकाणूवर होते. दादा इंजिनाच्या पेटीपाशी वाकायच्या बेतात, नेहमीसारखा. लोक घड्याळं बघायला लागले. मी ओरडले, "तिथे काय अंडी घालतोयस? पुढे ये, दोर सोड!" आला धावत. निघालो.

खाडीच्या मध्यावर इंजिनाचा आवाज पातळ झाला. दोनदा खोकलं आणि गप्प.

बाहेर ओहोटी जोरात. पाण्याची सगळी ओढ जुन्या पुलाकडे. पूल पडून जमाना झाला, खांब तेवढे उभे आहेत, आणि त्या खांबांमधून पाणी असं घुसतं की आमच्यासारख्या लाकडी बोटीची काडेपेटी व्हायची. बोटीत होता तेवढा वेग संपायच्या आत सुकाणू फिरवलं, मोठ्या बार्जांच्या वाटेतून बाहेर काढली, उथळ बाजूला नेली. घसा फाटेस्तोवर ओरडले — "सगळे खाली बसा! मध्ये सरका! जॅकेटं घाला! कुणी उभं राहायचं नाही!" मग म्हटलं, "दादा, नांगर!" तर दादा आधीच पेटीत डोकं खुपसून बसलेला. नुसते पाय दिसत होते.

मीच धावले पुढे. आणि नांगर कुठे? सायकलींखाली!! किती वेळा सांगितलं, नांगरावर काही ठेवू देऊ नकोस. "जाऊ दे गं, बिचारे कामाला जातात." हे याचं उत्तर! उपसल्या सायकली. एक पाण्यात गेली. मालक बोंबलला. त्याला म्हटलं, तुम्हीही जायचं का तिच्या मागे?

नांगर भिरकावायचा नसतो, सोडायचा असतो, आणि दोर देताना चिंधीचोरपणा करायचा नसतो — अप्पांची शिकवण. दिला भरपूर. आधी नुसताच घासत गेला. खांबांवरचे शिंपले मोजता येतील इतके जवळ आलो, आणि मग धरलं! हिसका बसला, बोटीचं तोंड प्रवाहाकडे वळलं, दोर ताठ झाला. गुंडाळून पक्का केला तेव्हा कुठे हातांकडे लक्ष गेलं.

मग बंदराला वायरलेस केला. लाल फडकं बांबूला बांधलं. एक बार्ज येत होती, तिला भोंगा वाजवून लांबून जायला लावलं. इकडे एक टायवाला उभा राहून मोबाईलवर चित्रण करतोय आणि निम्मे लोक त्याच्या बाजूला झुकलेले! नर्सने त्याला टायला धरून खाली बसवला. देव तिचं भलं करो. एक शहाणा शर्ट काढून पोहत जायला निघाला होता. त्याचा दंड मी धरला.

दादाने बऱ्याच वेळाने डोकं वर काढलं. हात काळे, चेहरा पांढरा. "नळीतली एअर काढली. आता चालू होईल." झालंही. मी विचारलं, काय होतं? माझ्याकडे न बघता म्हणाला, "फिल्टर तुंबला होता. चूक माझी."

चूक माझी! गेले दोन महिने मी कानीकपाळी ओरडतेय, डिझेलचा फिल्टर बदल, फिल्टर बदल! 

परत आलो तेव्हा अप्पा जेटीवर उभे होते. दादाने तेच सांगितलं. अप्पांनी चारचौघांत झोडपला त्याला — "गाढवा! बोट म्हणजे काय सायकल आहे, बंद पडली की उतरून ढकलायला?" दादा खाली मान घालून ऐकत राहिला. मला जरा बरं वाटलं. जराच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हळद लावली हाताला. राग तसाच आहे, त्याला काय लावू?

११ फेब्रुवारी, बुधवार

बंदरावरचा साहेब आला. कडक इस्त्री, बुटांना पाणी लागू नये म्हणून टाचा उचलून चालणार. बोटीवर पाय ठेवताना माझाच खांदा धरला आणि वर मलाच विचारतो, "सुकाणूवर बाईमाणूस होतं ना तेव्हा?" म्हटलं, हो, म्हणून तर तुम्हाला माणसं मोजायला मिळाली, नाहीतर मढी मोजावी लागली असती. लायसन्स माझ्या नावावर आहे, तुमच्याच ऑफिसने दिलंय. नाक मुरडलं त्याने.

मग मुद्द्यावर आला. इंजिनाची जबाबदारी कुणाची? दादा म्हणाला, "माझी." साहेब म्हणाला, "पुन्हा असं झालं तर बोट बांधून ठेवायची. परवाना विसरायचा." आणि मला बाजूला घेऊन — "इंजिनावर दुसरा माणूस बघा. घरचा आहे म्हणून लोकांच्या जिवाशी खेळू नका."

मला साहेबाचा राग आला तो आलाच. पण जास्त राग याचा आला, की तो बरोबर बोलत होता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्रीला बोलावून नवा फिल्टर बसवून घेतला. जुना हातात घेऊन त्याने उलटा केला, फुंकला, म्हणाला, "हा काय एवढा वाईट नाही. अजून चालला असता की."

म्हटलं, तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी! अजून चालेल, अजून चालेल, करता करता माणसं खांबांवर आपटतील तेव्हा कळेल! मिस्त्री म्हणाला, "ताई, माझ्यावर कशाला?" आणि पाना फिरवत राहिला.

जाताना अप्पांनी त्याला थांबवलं आणि कॉकची गोष्ट ऐकवली. आम्ही ती गोष्ट ऐकतच मोठे झालो. डिझेलच्या टाकीखाली पितळी कॉक — दांडी उभी की चालू, आडवी की बंद. तरुणपणी अप्पांच्या दोस्ताने रात्री तो उघडा ठेवला, डिझेल गळून तळाशी साचलं, सकाळी त्याने विडी पेटवली. बोट गेली, त्याचा अर्धा चेहरा गेला. तेव्हापासून नियम: बोटीवरून पाय खाली टाकण्याआधी कॉक बंद. मी आणि दादा विसरलो की कानाखाली बसायची. अप्पा झोपेतही विसरणार नाहीत. असा शिस्तीचा बाप, आणि पोटी हा असा!

मिस्त्रीला ती गोष्ट दोनदा ऐकवली. बिचारा दोनदा "अरे बापरे" म्हणाला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनी आली होती भांडायला. भांडायला म्हणजे काय, ती भांडत नाही, धुणं वाळत घालता घालता टोचून बोलते. "तुझा भाऊ दोन दिवस जेवला नाहीये." म्हटलं, मग फिल्टर बदलायला काय पोटात दुखत होतं? "सगळं दिसतं तसं नसतं गं, ठिणगे." ठिणगी हे माझं नाव अप्पांनी पाडलंय, तिने ते वापरायचं काम नाही! म्हटलं, काय नसतं? बोल की स्पष्ट! तर उशीचा अभ्रा झटकून आत निघून गेली. या नवरा-बायकोला कोड्यात बोलायची हौस आहे. माझ्याकडे वेळ नाही.

दादाचं काय एकेक सांगावं! रोज सकाळी अप्पा उतरले की हा इंजिनाच्या पेटीपाशी वाकतो. काय करतोयस विचारलं की म्हणतो, "बुटाची नाडी बांधतोय." चपला घालून! चपलांना नाडी! दिवाळं निघालंय डोक्याचं. रोज तेवढाच उशीर, रोज लोकांची बोलणी मला. आणि अप्पांच्या मागेमागे तर असा फिरतो की जणू ते दुडुदुडू चालणारं पोर आहेत. जिन्यावर त्यांच्या पुढे हा. त्यांनी किल्ली ठेवली की उचलून दुसरीकडे हा. अप्पांनी आयुष्यभर बोटी हाकल्या, त्यांना याचा आधार लागतो होय?

१४ फेब्रुवारी, शनिवार

केलं. सांगून टाकलं.

शेवटची फेरी आटोपली, दोर बांधला, लोक उतरले. म्हटलं, "दादा, सोमवारपासून येऊ नकोस."

मला वाटलं होतं तो भांडेल. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. माझ्याकडे सगळं तयार होतं — सायकली, फिल्टर, नाडी, सगळं. पण त्याने फक्त फडक्याला हात पुसले. खूप वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "साहेबामुळे?"

"लोकांच्या जिवामुळे. माझा विश्वास उडालाय तुझ्यावरचा."

मान हलवली. चपला शोधल्या. जेटीवर चढला आणि वळून म्हणाला, "एक ऐक. सकाळी अप्पा उतरले की, त्यानंतर, एकदा इंजिनाकडे नजर टाकत जा."

"मला शिकवू नकोस!" मी अख्ख्या जेटीला ऐकू जाईल असं ओरडले. "जे तुला जमलं नाही ते मला शिकवू नकोस!"

गेला. पाठीमागून पाहिलं तर अप्पांसारखाच चालतो, डावा खांदा पाडून. एरवी हे माझ्या लक्षात येत नाही. आज यायचं काही कारण नव्हतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नवा गडी — लंबू. उंची दारात वाकावं लागेल एवढी, अक्कल गुडघ्यात, म्हणजे ती पण बरीच उंच म्हणायची. सतत शीळ घालतो. दोर बांधायला सांगितला तर फुलाची गाठ मारली! पण नांगरावर सायकल ठेवू देत नाही. एवढं एक बरं.

अप्पा आले नाहीत. "माझा मुलगा बोटीवर नाही, तर मी कशाला येऊ?" तोंड भिंतीकडे करून झोपले. मी इंजिन सुरू केलं. एका झटक्यात झालं आणि दिवसभर मुळीच कुरकुरलं नाही! घरी येऊन सांगणार होते, मग नाही सांगितलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दादा मासळी बाजारात बर्फाच्या पेट्या उचलतो म्हणे. वहिनीने मुद्दाम दारात उभं राहून शेजारणीला सांगितलं. मला ऐकू यावं म्हणून! आलं ऐकू!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना अप्पा म्हणाले, "दादा कुठाय? त्याची फेरी संपली नाही का अजून?"

टोमणा! चार दिवस धुमसत होते, आज टोमण्यावर आले. आणि तोंडावर असा भाबडा भाव की कुणालाही खरं वाटावं. मी ताट सरकवून उठले. "तुम्हाला चांगलं माहीत आहे तो कुठे आहे!" तर माझ्याकडे बघतच राहिले. मग सावकाश म्हणाले, "हो हो. माहीत आहे."

माझीच चूक काढायची सगळ्यांनी. बोट वाचवली कुणी? दोर कुणाच्या हातांनी धरला? साहेबाला तोंड कुणी दिलं? आणि वाईट कोण, तर मी! सगळ्यांना तो देवमाणूस हवा, कारण तो कुणाला काही बोलत नाही. न बोलणं सोपं असतं. बोलणारीला वाईट व्हावं लागतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नर्सने विचारलं, "तुमचे भाऊ दिसत नाहीत?" म्हटलं, सुट्टीवर आहेत. का म्हटलं कोण जाणे. रागाच्या भरात खरं सांगायची तर माझी ख्याती!

२१ फेब्रुवारी, शनिवार

फिल्टर पाहिला. स्वच्छ. पट्टा पाहिला, पाण्याची नळी पाहिली, नांगराचा दोर अख्खा उलगडून पुन्हा गुंडाळला. आता कुणी म्हणू दे, हिच्या बोटीत खोट आहे!

संध्याकाळी जिन्यात दादा समोर आला. हातांना बर्फाच्या भेगा. आम्ही दोघं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकलो, मग दुसऱ्या बाजूला. तो हसला. मी नाही हसले. वर येऊन दार लावलं आणि मग स्वतःचाच इतका राग आला की चहाचा कप फोडला. माझाच कप. निदान तेवढी अक्कल शाबूत होती.

२३ फेब्रुवारी, सोमवार

अप्पा आज आले. काही झालंच नाही अशा थाटात. इंजिन सुरू केलं, माझ्या पाठीवर थाप मारली, उतरले. मला वाटलं, राग गेला त्यांचा. 

खाडीच्या मध्यावर इंजिन बंद पडलं.

नांगर मोकळा होता, लगेच सोडला. लोक बसले, जॅकेटं घातली, बोट जागेवर थांबली. वायरलेस केला. मग पेटी मी उघडली. फिल्टर कोरा करकरीत. त्यामागे डिझेलचा कॉक. दांडी आडवी.

लंबूला कॉक कुठे असतो ते ठाऊक नाही. अप्पा यायच्या आधी मीच दांडी उभी केली होती. त्यानंतर पेटीपाशी वाकून बोटीवरून पाय खाली टाकणारा माणूस एकच. इंजिन चालू आहे, बोट सुटतेय, हे त्यांच्या हाताला कळलं नाही. नळीत उरलेल्या डिझेलवर बोट मध्यापर्यंत आली, नऊ तारखेलाही अशीच आली असणार.

दादा रोज मागून वाकायचा तो दांडी उभी करायला. त्या दिवशी मी ओरडून त्याला पुढे बोलावलं. मला का सांगितलं नाही, हे विचारायची गरज नाही. भर जेटीवर मी अप्पांना काय काय बोलले असते ते त्याला माहीत होतं. मलाही माहीत आहे.

कॉक उघडला, एअर काढली, परत आलो. अप्पा काठावर. "काय झालं गं?"

"फिल्टर तुंबला होता," मी म्हणाले. "चूक माझी."

"गाढवे! बोट म्हणजे काय सायकल आहे, बंद पडली की उतरून ढकलायला?" बराच वेळ बोलत होते. सगळे ऐकत होते. मी मान खाली घालून उभी राहिले.

साहेब उद्या येणार आहे. येऊ दे. त्याला मी खरं सांगेन, पण बाजूला घेऊन, हळू आवाजात.

वर आल्यावर आधी वहिनीचं दार वाजवलं. म्हटलं, दादाला उद्या सकाळी बोटीवर पाठव. चपला घालून.